खिडक्या वीस, माणसं सात

यंदा मे महिन्यात अण्णा आमच्याकडे न्यू जर्सीला आले. वय शहात्तर, गुडघे दुखतात, इंग्रजीचं थोडं दडपण, म्हणून मीच सांगलीला जाऊन त्यांना घेऊन आले. युरोपात विमान बदलून इकडे उतरलो तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. इमिग्रेशनच्या हॉलमध्ये पट्ट्यांच्या वळणावळणांतून उभी असलेली गर्दी बघितली आणि मी आधी त्यांच्यासाठी खुर्ची मिळते का ते शोधायला लागले. अण्णा मान वर करून काहीतरी मोजत होते.

"वीस खिडक्या आहेत. माणसं सातच."

"बाकीचे जेवायला गेले असतील, अण्णा."

"सगळे एकदम कशाला जातील? ड्युटीच सातांची लावलीय. नाहीतर मंजूरच तेवढे असतील."

अण्णांनी एसटीत चौतीस वर्षं काढली. कंडक्टर म्हणून लागले, पुढे वाहतूक नियंत्रक झाले आणि शेवटची बारा वर्षं आगारात ड्युट्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं. मी इथल्या एका रुग्णालयात कोणत्या वॉर्डात कोणत्या पाळीला किती नर्स लागतील याचा हिशेब करते. म्हणजे काम एकच, फक्त त्यांच्याकडे कागद आणि शिसपेन्सिल होती, माझ्याकडे संगणक आहे. त्या रांगेत आम्ही पावणेदोन तास होतो आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही याच विषयावर बोललो. पुढचे दोन महिने घरी जेवताना, फिरायला जाताना तो विषय परत परत निघत राहिला. मी सरकारी अहवाल वाचून दाखवायचे, अण्णा प्रश्न विचारायचे. ते सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

सीमेवर किती माणसं हवीत हा प्रश्न इथे टीव्हीवर येतो तो लिलावातल्या बोलीसारखा. कुणी म्हणतं पाच हजार, कुणी दहा हजार. दोन्ही बाजू आकड्यावर भांडतात. तो आकडा कुठल्या कामाच्या मोजमापातून आला, हे फारसं कुणी विचारत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे, आणि ती मी अगदी मनापासून करते आहे.

अण्णांचं म्हणणं होतं, एका गाडीला एक ड्रायव्हर असा हिशेब करणाऱ्याचं आगार महिन्याभरात बंद पडेल. गाडी वर्षाचे ३६५ दिवस धावते, ड्रायव्हर धावत नाही. त्याची साप्ताहिक सुट्टी असते, अर्जित रजा असते, लग्नसराईत पोरीचं लग्न निघतं, पावसाळ्यात ताप येतो. म्हणून आगारात 'रजा राखीव' धरायचे. राखीव कमी पडले की फेरी रद्द, आणि मुक्कामी गाडी रद्द झाली की सकाळी शाळेला जाणारी गावातली पोरं तशीच थांब्यावर.

हाच हिशेब मी खिडकीला लावून बघितला. अमेरिकेतल्या केंद्र सरकारी नोकराला वर्षाला १०४ दिवस शनिवार-रविवारच्या बदल्यातली सुट्टी, ११ सार्वजनिक सुट्ट्या आणि तीन ते पंधरा वर्षं नोकरी झालेल्याला २० दिवस वार्षिक रजा मिळते. आजारपणाचे ८ आणि प्रशिक्षणाचे १० दिवस मी माझ्या अंदाजाने धरले. सगळे मिळून १५३. उरले २१२. म्हणजे रोज उघडी राहणारी एक खिडकी एका पाळीत चालवायला पावणेदोनच्या जवळपास माणसं लागतात, आणि तीन पाळ्यांत चोवीस तास चालवायला पाचाहून थोडी जास्तच. शिवाय जेवणाच्या सुट्ट्या, संशयित प्रवाशाला आतल्या खोलीत नेऊन चौकशी करणारे, कोर्टात साक्षीला गेलेले, नवीन भरती होऊन अजून शिकत असलेले लोक या हिशेबात नाहीत. वीस खिडक्या सदासर्वकाळ उघड्या ठेवायच्या तर शंभराहून जास्त माणसं लागतात. बांधकाम करणारा वीस खिडक्या बांधून मोकळा होतो, शंभर पगार मात्र दरवर्षी मंजूर करून घ्यावे लागतात.

पण सदासर्वकाळ वीस खिडक्या लागतात का? इथे खरा प्रश्न सुरू होतो. युरोपातून येणारी विमानं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोन-तीन तासांत एकामागून एक उतरतात. सकाळी अकराला त्याच हॉलमध्ये पाखरू नसतं. दिवसाची सरासरी काढून माणसं लावली तर सकाळी ती रिकामी बसतात आणि दुपारी बुडतात. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. बाजाराच्या दिवशी सकाळची आठची गाडी आणि मंगळवारची दुपारची दोनची गाडी यांची सरासरी काढून काय मिळतं, असं त्यांनीच मला विचारलं.

रांगेचं गणित आणखी एका बाबतीत फसवं असतं. समजा एकच खिडकी आहे, लोक जमेल तसे येतात आणि एकेकाला सरासरी दोन मिनिटं लागतात. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल तर रांगेतली सरासरी वाट आठ मिनिटं. तो ९० टक्के वेळ कामात असेल तर अठरा. ९५ टक्के झाला की अडतीस. काम पाचव्या हिश्शानेसुद्धा वाढलेलं नसतं आणि थांबणं जवळजवळ पाचपट होतं. खिडक्या वाढल्या की आकडे बदलतात, पण वळण तसंच राहतं. म्हणून 'कर्मचारी पूर्ण वेळ कामात आहेत, कुणी रिकामं बसत नाही' हे वाक्य व्यवस्थापनाला शाबासकीसारखं वाटतं, मला ते ऐकलं की धास्ती वाटते. आमच्या वॉर्डात सगळ्या खाटा भरल्यात आणि सगळ्या नर्स कामात आहेत, म्हणजे रात्री येणाऱ्या पुढच्या रुग्णाला जागा नाही.

शेवटी आमचा नंबर आला. तरुण अधिकारी होता, बोलायला सौम्य. अण्णांना उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवायला सांगितली. ठसे उमटेनात. ओल्या फडक्याने पुसून परत ठेवली. परत नाही. अण्णांनी तरुणपणी वडिलांबरोबर ऊस तोडलाय, नंतर आयुष्यभर तिकिटं फाडली आणि नाणी मोजली. बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. चौथ्या वेळी ठसे आले, मग अंगठा, मग डावा हात. मग कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट. आम्हाला नऊ मिनिटं लागली. मागे उभा असलेला जर्मन मुलगा दीड मिनिटात सुटला असेल. सरासरीत आम्ही दोघंही आहोत, पण भारतातून म्हातारे आई-बाप घेऊन आलेल्या मुलांचं विमान उतरतं त्या दिवशी ती सरासरी उपयोगाची नसते.

त्या अधिकाऱ्याचे डोळे लाल होते. अण्णा नंतर म्हणाले, "डबल ड्युटीचा असणार तो." खरंच असेल का ते मी सांगू शकत नाही, पण इथल्या बंदरांवर आणि विमानतळांवर सक्तीचा ओव्हरटाइम ही नेहमीची गोष्ट आहे. डबल ड्युटी केलेल्या ड्रायव्हरला अण्णा घाटातली गाडी देत नसत. खिडकीवरच्या माणसाकडून आपण प्रवाशाचा चेहरा वाचण्याची, पासपोर्टमधली खोट ओळखण्याची, घाबरलेल्या मुलीबरोबर आलेला माणूस नेमका कोण आहे हे हेरण्याची अपेक्षा करतो. अकराव्या तासाला ती नजर राहत नाही. मनुष्यबळाचा प्रश्न माझ्या पावणेदोन तासांपेक्षा फार मोठा आहे, तो यासाठी.

आता इथल्या व्यवस्थेबद्दल. मार्च २००३ मध्ये कस्टम्स, इमिग्रेशनची तपासणी आणि शेतमालाची तपासणी एकत्र आणून कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन हे खातं तयार झालं. निळ्या गणवेशातले अधिकारी ३२८ प्रवेशद्वारांवर बसतात: विमानतळ, समुद्री बंदरं, जमिनीवरचे नाके. हिरव्या गणवेशातलं बॉर्डर पेट्रोल या दारांच्या मधल्या वाळवंटात, नदीकाठाने फिरतं. निळ्यांसाठी 'वर्कलोड स्टाफिंग मॉडेल' नावाचा हिशेब आहे. कुठल्या दारावर किती प्रवासी, गाड्या, कंटेनर आले, प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली, एका माणसाचे वर्षाचे कामाचे तास किती आणि पुढे कुठे नवीन टर्मिनल होणार आहे, हे त्यात घालतात. २०१४ च्या अंदाजपत्रकात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, २,००० जादा अधिकाऱ्यांसाठी पैसे दिले, त्यामागे हा हिशेब होता. हिशेब अचूक असेलच असं नाही. पण तो कागदावर आहे, कुणीही त्यावर बोट ठेवून 'ही मिनिटं चुकीची धरलीत' असं म्हणू शकतं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

याच खात्यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण शेतमालाचं आहे, आणि ते आमच्या बॅगेतून निघालं. आत्याने अण्णांच्या बॅगेत दोन किलो आंबेमोहर भरून दिला होता. मला माहीत नव्हतं. अधिकाऱ्याने धान्य, फळं काही आहे का विचारलं आणि अण्णांनी सरळ सांगितलं. शेजारच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या बाईंनी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बघून परत दिली, तांदूळ काढून घेतला. अण्णा हिरमुसले, पण बाईंनी कारण सांगितलं: खापरा भुंगेरा. साठवणीच्या धान्यातली ही कीड भारतात आहे, तिच्या अळ्या अन्नाशिवाय दीर्घकाळ तग धरतात आणि एकदा गोदामात शिरली की निघता निघत नाही. म्हणून २०११ पासून प्रवाशांच्या बॅगेतून भारतातला तांदूळ चालत नाही. अण्णा सोसायटीच्या गोदामाजवळ लहानाचे मोठे झालेत. त्यांनी लगेच मान डोलावली.

या कृषी तपासनिसांची संख्या ठरवायला वेगळं मॉडेल आहे. मार्च २०२० मध्ये झालेल्या कायद्यात असं म्हटलंय की मॉडेलने सांगितलेला आकडा गाठेपर्यंत दरवर्षी २४० कृषी तपासनीस भरता येतील, सोबत दरवर्षी २०० तंत्रज्ञ. हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले, "हां, हे आगारासारखं झालं." आधी मोजमाप, मग गरज, मग दरवर्षी पचेल तेवढी भरती.

आता उलट उदाहरण. २५ जानेवारी २०१७ ला राष्ट्राध्यक्षांचे दोन आदेश निघाले: बॉर्डर पेट्रोलमध्ये ५,००० जवान वाढवा आणि देशाच्या आत काम करणाऱ्या इमिग्रेशन खात्यात १०,००० अधिकारी. सहा महिन्यांनी, जुलैमध्ये, या दोन्हींच्या वरच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे खात्यातल्याच तपासनिसाने, अहवाल दिला. त्यात होतं की ही १५,००० माणसं का हवीत आणि कुठे लावणार याची पुरेशी माहिती दोन्हींपैकी कुणीही देऊ शकलं नाही. शिवाय गळतीचा हिशेब होता: ५,००० जवान मिळवायला साडेसात लाख अर्ज लागतील आणि १०,००० अधिकाऱ्यांसाठी पाच लाख. म्हणजे एका जवानामागे दीडशे अर्ज. २०१० च्या कायद्याने इथे उमेदवाराची लाय डिटेक्टरवर चाचणी सक्तीची आहे आणि त्या सुमाराला तिथेच दोन-तृतीयांश लोक गळत होते. मग पार्श्वभूमीची चौकशी, वैद्यकीय, शारीरिक, नंतर न्यू मेक्सिकोतल्या अकादमीत प्रशिक्षण.

याच भरतीसाठी एका सल्लागार कंपनीला पाच वर्षांत ७,५०० माणसं मिळवून द्यायचं २९ कोटी ७० लाख डॉलरचं कंत्राट दिलं गेलं. साधारण दहा महिन्यांनी इन्स्पेक्टर जनरलने बघितलं तेव्हा १ कोटी ३६ लाख डॉलर देऊन झाले होते आणि नोकरी स्वीकारलेले उमेदवार होते दोन. कंत्राट २०१९ मध्ये संपवलं. अण्णांनी मला तो आकडा दोनदा वाचायला लावला.

त्याआधीही काँग्रेसने बॉर्डर पेट्रोलला २१,३७० ही किमान संख्या कायद्याने घालून दिली होती आणि प्रत्यक्षात माणसं साडेएकोणीस हजारांच्या आसपास होती. कमतरता आहे असं म्हणायला हा पुरावा पुरेसा वाटतो, पण २१,३७० तरी कशावरून? बॉर्डर पेट्रोलचं मोजमाप अवघड आहे हे मी कबूल करते. तिथे रांग नाही. न आलेल्या माणसाला किती मिनिटं लागली हे कसं मोजणार? ॲरिझोनाच्या वाळवंटात एका पट्ट्यावर कुंपण, कॅमेरे, रस्ता आहे, दुसरीकडे नुसता डोंगर. माणूस कितीला पुरतो हे जमिनीवर ठरतं. पण अवघड आहे म्हणून मोजायचंच नाही आणि सोयीचा आकडा धरायचा, हे मला पटत नाही. आमच्याकडेही अतिदक्षता विभागाचं मोजमाप अवघड आहे. एका रात्रीत काहीच होत नाही, दुसऱ्या रात्री तीन माणसं एकदम कोसळतात. तरी आम्ही मोजतो.

अण्णांना सगळ्यात जास्त आपली वाटली ती २०१९ च्या वसंतातली गोष्ट. मेक्सिकोच्या सीमेवर आश्रय मागणारी कुटुंबं मोठ्या संख्येने यायला लागली, बॉर्डर पेट्रोल अपुरं पडलं, तेव्हा नाक्यांवरचे ७५० निळे अधिकारी काढून त्यांच्या मदतीला दिले. टेक्ससमधल्या एल पासोच्या पलीकडे, मेक्सिकोतल्या हुआरेस शहरात मालाच्या ट्रकांच्या रांगा लागल्या, ड्रायव्हर तासन्‌तास उन्हात. भाजीपाला, गाड्यांचे सुटे भाग, सगळं अडकलं.

"आषाढी," अण्णा म्हणाले.

आषाढीला पंढरपूरला जादा गाड्या सोडायच्या म्हणजे त्या कुठल्यातरी आगारातूनच यायच्या. दरवर्षी त्यांच्या टेबलावर आदेश यायचा: इतक्या गाड्या, इतके चालक, इतके वाहक. वारकऱ्यांना गाडी मिळायलाच हवी, त्याबद्दल त्यांचं दुमत कधी नव्हतं. पण त्या आठवड्यात कुठल्या गावाची फेरी बंद ठेवायची हे त्यांना स्वतःच्या हाताने लिहावं लागायचं, आणि त्या गावातला माणूस पंढरपूरला जाणारा नसायचा, दवाखान्यात जाणारा असायचा. "जादा म्हणतात, पण जादा काही नसतं," ते म्हणाले. "इकडचं उचलून तिकडे." आषाढी निदान पंचांगात असते. कुठल्या गावाची फेरी बंद ठेवली तर कमीत कमी अडचण होईल, हे ते मे महिन्यातच ठरवून ठेवायचे.

पगाराचे पैसे कुठून येतात, हाही या हिशेबाचाच भाग आहे. आपल्या विमानाच्या तिकिटात ७ डॉलर इमिग्रेशन फी असते. अशा फीमधूनही नाक्यांवरच्या अधिकाऱ्यांचे पगार होतात. २०२० मध्ये विमानं थांबली, फी आटली, पण सीमा तर तिथेच होती. व्हिसा-ग्रीन कार्डाचे अर्ज तपासणारं खातं जवळजवळ सगळं अर्जांच्या फीवरच चालतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी १३,४०० च्या आसपास कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवण्याच्या नोटिसा दिल्या होत्या आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो निर्णय मागे घेतला. अर्ज कमी आले म्हणून माणसं कमी करायची, आणि टेबलावर आधीच पडलेल्या जुन्या अर्जांचं काम मात्र तसंच. आवक आणि शिल्लक हे दोन वेगळे रकाने आहेत, हे रोजमेळ लिहिणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

यंत्रांमुळे माणसं कमी लागतील असं हल्ली ऐकू येतं. आधीच चौकशी झालेल्या प्रवाशांना झटपट सोडणारी 'ग्लोबल एंट्री' भारतीयांना २०१७ पासून मिळते, चेहरा ओळखणारे कॅमेरे आले, मुंबई विमानतळावरही जानेवारी २०२५ पासून नोंदणी केलेल्या भारतीय प्रवाशांसाठी आपोआप उघडणारी दारं आहेत. चांगलंच आहे. पण यंत्र सोपी माणसं उचलून नेतं. खिडकीसमोर उरतात ती झिजलेल्या बोटांची, कागद अपुरे असलेली, भाषा न कळणारी. दर माणशी वेळ वाढतो. हिशेब परत करावा लागतो, आणि तो परत न करताच खिडक्या बंद केल्या तर अण्णांसारख्यांची रांग लांबते.

ऑगस्टमध्ये अण्णा परत गेले. विमानतळावर त्यांना सोडायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, जातानाची इमिग्रेशनची खिडकी कुठे आहे. मी सांगितलं, इथे जाताना खिडकीच नसते, फार तर विमानाच्या दारापाशी कॅमेरा फोटो काढतो. त्यांना ते विश्वास बसण्यासारखं वाटलं नाही. आत गेल्यावर त्यांनी कुणाला तरी विचारूनही घेतलं.

मुंबईला उतरल्यावर पहाटे त्यांचा फोन आला. मला वाटलं, सुखरूप पोचलो सांगायला.

"अगं, चौदा खिडक्यांवर माणसं होती," ते म्हणाले. "रात्री दोन वाजता. दोन विमानं एकदम उतरली होती आणि तरी पंचवीस मिनिटांत बाहेर. कुणीतरी वेळापत्रक बघून ड्युटी लावलीय."

मग बॅग आली का विचारलं तर म्हणाले, ती अजून यायचीय, पट्ट्यावर दोनच माणसं आहेत.